नवी बदली, नवी सोबतीण आणि सुके बोंबील

पत्राचा गोषवारा: लिहिणाऱ्या धर्मभगिनी मूळच्या वसईच्या, वय 41. नगरच्या शाळेत त्यांनी अकरा वर्षं मराठी आणि भूगोल शिकवला. मे महिन्यात बदलीचं पत्र आलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या आतल्या एका मिशन केंद्रावर पोहोचल्या. तिथे मुलींचं बोर्डिंग आहे, एक छोटा दवाखाना आहे. बोर्डिंग यांच्याकडे आलं. दवाखाना वयाची साठी ओलांडलेल्या एका नर्स सिस्टरकडे आहे. त्या केरळमधल्या अलप्पुळा भागातल्या, दोन खेपांत मिळून एकोणीस वर्षं इथेच. तिसऱ्या सिस्टर शिक्षणासाठी बाहेर असल्याने घरात दोघीच.

त्या लिहितात: "मुली आपसात पावरीत, इथल्या आदिवासी बोलीत, बोलतात आणि मी आले की गप्प होतात. सिस्टर रात्रीच्या प्रार्थनेनंतर एक शब्द बोलत नाहीत. दवाखान्याच्या वह्यांचं कपाट कुलपात, किल्ली त्यांच्या कमरेला. पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाल्या, 'तीन वर्षं. मग तुम्हीही जाल.' आईने पाठवलेले सुके बोंबील एकदा भाजले, तर त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. तेव्हापासून डबा मी पेटीत ठेवलाय. आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, तक्रार करायची नाही हे कळतं. पण इथे माझा उपयोग काय? प्रोव्हिन्शियलना, म्हणजे आमच्या प्रांताच्या वरिष्ठांना, बदली मागणारं पत्र लिहून ठेवलंय. टाकू का?"

प्रिय सिस्टर,

पत्र टाकू नका, असं मी सांगणार नाही. फाडूनही टाकू नका. वर तारीख घाला आणि बोंबलांच्या डब्याशेजारी ठेवून द्या. त्याचं काय करायचं ते पुढे बोलू.

आधी एक कबुली. तुमचं पत्र मी हातात पेन्सिल घेऊन वाचलं. तीस वर्षं वह्या तपासल्या, सवय जात नाही. साडेतीन पानांत 'नगर' हा शब्द चौदा वेळा आलाय. नगरची प्रयोगशाळा, नगरचं गॅदरिंग, नगरच्या दहावीच्या मुली, नगरची सकाळची मिस्सा आणि त्यानंतरचा चहा. बोर्डिंगमध्ये 46 मुली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांतल्या एकीचंही नाव पत्रात नाही.

ठपका ठेवत नाहीये. मला एवढंच दिसतंय की तुम्ही अजून नगरलाच आहात, सामान तेवढं घाट चढून अक्राणीला आलंय. घरचं कोणी गेलं तर माणसं भेटायला येतात, चार दिवस रडू देतात. बदलीला काय मिळतं? निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, एक फोटो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी. अकरा वर्षं एका रात्रीत संपतात आणि नव्या घरी पोहोचल्यावर संध्याकाळी हसून जेवायला बसायचं असतं. आपण धर्मभगिनी तर त्यावर व्रताचं झाकणही ठेवतो. जे दुःख मोकळेपणी करता येत नाही ते मग समोरच्या माणसावर जाऊन बसतं, आणि तुमच्या समोर सध्या एकच माणूस आहे. म्हणून मला विचारायचंय: यातलं सिस्टरमुळे किती आणि नगर सुटलं म्हणून किती? मला तरी ते अर्धं-अर्धं वाटतं. उरलेलं अर्धं खोटं आहे असं नाही म्हणत.

आता तुमच्या सोबतिणीकडे येऊ. एकोणीस वर्षं तिथे, आणि बदल्या तीन-चार वर्षांनी. तुम्ही भूगोलाच्या असलात तरी एवढं गणित जमेल. तुम्ही त्यांच्या सहाव्या किंवा सातव्या सोबतीण. प्रत्येक नवीला त्यांनी विहीर दाखवली असेल, कोणत्या पाड्याची वाट पावसात बंद होते ते सांगितलं असेल, कोणाच्या घरी काय खातात ते शिकवलं असेल. ती जरा रुळली की तिच्या हातात बदलीचं पत्र, आणि यांच्या हातात पुन्हा रिकामं घर. "तीन वर्षं. मग तुम्हीही जाल" हे तुम्हाला टोमण्यासारखं लागलं. मी ते वाक्य मोठ्याने वाचून पाहिलं. मला ते थकलेल्या बाईचं वाटलं. चुकत असेनही, मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. पण तुम्हीच लिहिलंय की त्या बोलताना अजून 'धुळे जिल्हा' म्हणतात आणि तुम्ही त्यांना दुरुस्त करता. नंदुरबार जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे त्यांची पहिली खेप त्याआधीची. त्यांना दुरुस्त करण्याऐवजी एकदा विचाराल, "सिस्टर, धुळे जिल्हा होता तेव्हा इथवर रस्ता होता का?" हा प्रश्न टाकून तुम्ही भाजी निवडायला बसा. पालेभाजीची एक जुडी संपेपर्यंत त्या गप्प बसल्या तर मला कळवा.

आणि बोंबील! सिस्टर, मीही वसईची आहे, म्हणून जरा हक्काने बोलते. अलप्पुळाच्या, समुद्राकाठी वाढलेल्या बाईला सुक्या मासळीचा वास सोसत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. दार त्यांनी का ओढलं असेल? धूर बोर्डिंगकडे जात असेल. मांजर येत असेल. उपास असेल. कदाचित घरची आठवण आली असेल आणि ती कोणी बघू नये असं वाटलं असेल. यांतलं काय खरं ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत. डबा सरळ पेटीत गेला. एका ओढलेल्या दारावर तुम्ही तीन महिन्यांचा निकाल लावून टाकलात.

रात्रीच्या मौनाचंही तसंच. जुन्या कॉन्व्हेंटांमध्ये रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या प्रार्थनेपर्यंत बोलायचं नाही, असा कडक नियम असे. आमच्या नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या शिकाऊ काळात, विंचू चावला तरी खुणेनेच सांगायचं, असा विनोद होता. तुमच्या पिढीपर्यंत ते पातळ झालं. त्यांच्या वयाच्या सिस्टर हे मौन श्वासासारखं पाळतात, त्यात राग नसतो. तुम्हाला नऊ वाजता बोलावंसं वाटतं कारण दिवसभर बोलायला कोणी मिळालेलं नसतं, हेही तितकंच खरं. मग वेळ बदला. रात्रीचं सोडा, दुपारच्या चहाची पंधरा मिनिटं मागून घ्या. मागून घ्या म्हणतेय, शब्दांत मागा. "मला दिवसातून एकदा तुमच्याशी बोलायला हवंय" हे वाक्य म्हणताना जीभ अडखळेल. अडखळू द्या.

माझं स्वतःचं सांगते, म्हणजे हा उपदेश उंटावरून नाही हे कळेल. माझी दुसरी बदली मराठवाड्यातल्या एका गावी झाली. सोबतीला मंगळूरकडच्या सिस्टर, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. भांडण झालं स्टोव्हवरून. मी वात खाली करायला विसरायचे, रॉकेल जळायचं, आणि रॉकेल मिळायचं रेशनवर. त्या एकदा बोलल्या, मी एकदा उलटून बोलले, आणि मग बोलणंच संपलं. सात महिने आम्ही स्वयंपाकघरातल्या पाटीवर लिहून संसार केला. 'दूध 1 लिटर.' 'फादर गुरुवारी.' 'रॉकेल आणले.' समोरासमोर बसून जेवायचो, जेवणाआधीची प्रार्थना एका आवाजात म्हणायचो, आणि मीठ हवं असलं तर उठून आपलं आपण घ्यायचो. सातव्या महिन्यात बालवाडीतल्या एका पोराने ती पाटी फोडली. बाजार रविवारी, तोवर नवी पाटी मिळायची नाही. मग मलाच तोंड उघडावं लागलं, "दूध आलं का?"

पुढे आम्ही चार वर्षं एकत्र काढली. मैत्रिणी कधीच झालो नाही. त्यांना माझे विनोद कळले नाहीत, मला त्यांची शिस्त जाचली. पण रात्री कोणा बाळंतिणीसाठी निघायचं झालं की कंदील कोणी धरायचा आणि पिशवी कोणी घ्यायची, हे न बोलता ठरायचं. तुमच्या पत्रात मला हाच घोटाळा दिसतो. तुम्ही तिथे मैत्रीण शोधताय. नगरला स्टाफरूममध्ये पंचवीस जणी होत्या, त्यांतून तुमच्या दोघी-तिघी जमल्या असतील, बाकीच्यांशी नमस्कार-चमत्कार. इथे निवडायला दुसरी कोणी नाही. लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने शिष्यांना दोघे-दोघे करून पुढे पाठवलं, तिथे जोड्या कशा लावल्या याचा एक शब्द नाही. आवडीनिवडी विचारल्या असतील असं काही वाटत नाही.

सोबत कामातून येते, आणि तुमच्या दोघींच्या कामाला एक सांधा आहे. तो तुमच्या नजरेतून सुटलाय. कुलपातलं कपाट! तुम्हाला वाटतं, किल्ली म्हणजे अधिकार गाजवणं. पण त्या वह्यांत काय असेल? नंदुरबार हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. आई-बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून तो दोष रक्तात बाळगून असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. कोणत्या घरात कोण वाहक आहे हे बाहेर फुटलं, तर पोरींची ठरलेली लग्नं मोडतात, सुनांना बोल लागतात. तसली वही उघड्या फळीवर ठेवणारी नर्स मला आवडली नसती.

आता तुमची बाजू. सिकलसेल असलेल्या मुलीला थंडी, तहान, ताप, अति दमणूक यांनी दुखण्याचे झटके येतात. हाडं पिळवटून निघतात असं मुली सांगतात. तुमच्या 46 मुलींत अशा किती? तुम्ही त्यांना पहाटे गार पाण्याने आंघोळ करायला पाठवताय का? सातपुड्यातला डिसेंबर नगरसारखा नसतो. तेव्हा वह्या मागू नका. सिस्टरना एवढंच विचारा, "माझ्या मुलींपैकी कोणाला थंडीत जपायचं, आणि त्यांच्या आईबापांना विचारून ते मला सांगता येईल का?" हा प्रश्न तुमच्या कामाचा आहे, त्यांच्या काळजीचा आहे, आणि त्यात रुसवा-फुगवा शिरायला जागा नाही. कोणत्या दोन मुलींना जास्तीचं पांघरूण द्यायचं हे दोघींनी मिळून ठरवलंत, की त्या संध्याकाळी घरातला आवाज थोडा बदललेला असेल. थोडाच. चमत्काराची वाट पाहू नका.

दिवाळीनंतर याहून मोठी वेळ येईल. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून मोठ्या मुलीला बोर्डिंगमधून घेऊन जातात. तुम्ही नगरच्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात बापाला शिक्षणाचं महत्त्व सांगाल, तो मान हलवेल आणि पोरीला घेऊन जाईल. कोणत्या घरात आजी धडधाकट आहे, कोणत्या घरी मावशी गावातच राहणार आहे, आणि लेकराला तिच्याकडे ठेवता येईल, हे तुमच्या सोबतिणीला ठाऊक आहे. तुम्हाला ते पुस्तकातून मिळणार नाही. तेव्हा दिवाळीच्या आत चहा सुरू झालेला बरा.

भाषेचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, "पावरी काही माझ्या जिभेला वळायची नाही." तीन महिन्यांत? इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला उतरले. आपण ज्या ख्रिस्तपुराणाचा अभिमान बाळगतो ते त्यांचं मराठी काव्य राचोलला छापलं गेलं 1616 मध्ये. मधे सदतीस पावसाळे. पहिल्या पावसाळ्यात त्यांना गोव्यातल्या साष्टीतली पोरंसोरं हसलीच असणार. तुम्हाला पुराण लिहायचं नाही, "कुठे दुखतं", "पाणी प्यायलीस का", "घरी कोण आहे" एवढं विचारता आलं तरी खूप झालं. आठवड्याला दहा वाक्यं. शिकवायला सिस्टर नकोत, मुली घ्या, आणि वर्गात सगळ्यात गप्प बसणारीला मास्तरीण करा. तुम्ही चुकाल, त्या हसतील. तुम्हाला पाहून गप्प होणाऱ्या मुली तुम्हाला हसायला लागल्या, तर अर्धी लढाई जिंकलीत समजा. आणि एक लक्षात घ्या. या मुलींचं घर पावरीत चालतं आणि शाळा मराठीत. पहिलीच्या बाकावर त्यांना जे झालं होतं, ते तुम्हाला आता एक्केचाळिसाव्या वर्षी होतंय. मराठीच्या बाईंना हे कळणं वाईट नाही.

भूगोलाचं तर सांगायलाच नको. प्रत्येक मुलीला तिच्या घरापासून बोर्डिंगपर्यंतची वाट कागदावर काढायला लावा. पाणी कुठे, चढ कुठे, मोबाइलची रेंज कुठे, मामाचं घर कुठे. 46 कागद भिंतीवर लावले की तुमच्या खोलीत अख्खा परिसर उभा राहील, आणि नावं आपोआप पाठ होतील.

आता ते पेटीतलं पत्र. मी "सोसा" या पंथाची नाही. आज्ञापालन म्हणजे तोंड बांधून राहणं, असा अर्थ आपल्याकडे फार वर्षं लावला गेला आणि त्यात चांगल्या चांगल्या भगिनी सुकून गेल्या. 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्यात, 618 वा कॅनन (कलम) वरिष्ठांना बजावतो की त्यांनी आपल्या माणसांचं मनापासून ऐकावं. 628 वा सांगतो की भेटीवर आलेल्या वरिष्ठांशी विश्वासाने, खरं तेच बोलावं, आणि कोणी कोणाला त्यापासून अडवू नये. म्हणजे प्रोव्हिन्शियल भेटीला येतील तेव्हा त्यांच्याशी एकटीने बोलणं हा तुमचा हक्क आहे, चुगली नव्हे. सिस्टर तुम्हाला मुलींसमोर अपमानित करत असतील, औषधपाण्याचे पैसे अडवत असतील, तुमची झोप आणि जेवण तुटलं असेल, रडू थांबत नसेल, तर भेटीची वाटही पाहू नका, आजच फोन करा. तुमच्या पत्रात असं काही मला दिसलं नाही. पण पत्रात सगळं येतंच असंही नाही.

वेगळं होण्यात पाप नाही. पौल आणि बर्णबा या सोबती प्रेषितांचं योहान मार्क या मदतनिसावरून इतकं वाजलं की दोघांनी दोन वाटा धरल्या, बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. प्रेषितांच्या कृत्यांत ते लपवलेलं नाही. पंफुल्यात काम टाकून परत गेलेला म्हणून ज्या मार्कला पौलाने नाकारलं, त्यालाच पुढे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तो बोलावून घेतो, सेवेसाठी मला उपयोगी आहे म्हणतो. मधली वर्षं मार्कला कोणी सांभाळलं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करते. माझं मत बर्णबाला.

हे सदर जिल्हा परिषदेचे शिक्षक, नर्सबाई, बँकेतली मुलंही वाचतात, त्यांची पत्रं येतात. तुमच्याकडे निदान अवघड क्षेत्रातल्या सेवेचा विचार होतो, पती-पत्नी एकत्रीकरण आहे, पोर्टल आहे. आमच्याकडे पोर्टल नाही. पण क्वार्टरमध्ये अनोळखी माणसाबरोबर राहायची वेळ तुमच्यावरही येते, म्हणून दोन गोष्टी तुमच्यासाठीही. पहिले तीन महिने "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य उच्चारायचं नाही. अगदी बरोबर असलं तरी नाही. आणि घरातली कामं पहिल्याच आठवड्यात बोलून वाटून घ्या. स्टोव्हची वात कोणाकडे, हे ठरलेलं असावं.

सिस्टर, पत्र होळीपर्यंत ठेवा असं मी म्हणेन. होळीच का? ऊसतोडीला गेलेली माणसं सातपुड्यात होळीला परततात. तिकडे होळी हाच वर्षातला सगळ्यात मोठा सण. काठी गावची होळी अक्कलकुवा तालुक्यात, पहाटे पेटते, आदल्या रात्रीपासून लोक डोंगर उतरून चालत येतात, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं. मुली घरी जातील तेव्हा एखादी तुम्हाला म्हणेल, "सिस्टर, आमच्याकडे या." कोणीच म्हणालं नाही, तर पेटी उघडा, तारीख बघा, पत्र पुन्हा वाचा आणि खुशाल टाका. तेव्हा ते तीन महिन्यांच्या नाही, नऊ महिन्यांच्या अनुभवाचं पत्र असेल, आणि प्रोव्हिन्शियलनाही ते तसंच वाचावं लागेल.

पेटी मात्र त्याआधीच एकदा उघडावी लागणार. जूनपासून बंद डब्यात आणि सातपुड्याचा पाऊस, बोंबील सादळले असतील. कडक ऊन पडलं की अंगणात पसरा, मांजरावर लक्ष ठेवायला सिस्टरना बसवा. आणि भाजायला काढाल तेव्हा दोघींना पुरतील एवढे काढा.